ओठ मुडपून टाकलेला बॉल

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवरा गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वाकायचं नाही, पळायचं नाही, आणि बॉलिंग वगैरे तर विसराच. ‘वगैरे’ म्हणताना ते हसले. आमच्या घरात ती हसायची गोष्ट नव्हती. रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या मागे, गोडाऊनच्या भिंतीलगतच्या सिमेंटच्या पट्टीवर तो भुंग्याला बॉल टाकायचा. भुंगा म्हणजे आमची लेक. पाळण्यात सतत गुणगुणायची म्हणून त्यानंच ठेवलेलं नाव, सोळाची झाली तरी चिकटलेलं. मार्चअखेर तिची निवड चाचणी आहे. गेल्या वर्षी फिरकीवर आऊट होऊन आली होती आणि दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. क्लबच्या नेट्समध्ये पोरी इतक्या, की एकेकीच्या वाट्याला मोजके बॉल.

परवा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आत वाटलं होतं त्यापेक्षा जास्त खराब आहे. मी भुंग्याला अवाक्षर बोलले नव्हते. दारात चपला काढत होते तेवढ्यात म्हणाली, "काय लपवतेयस? बाबाचं काय झालं?" कसं कळतं हिला कोण जाणे.

जेवताना मी म्हणाले, "बॉल मी टाकेन." दोघं एकमेकांकडे बघून इतकी हसली की नवऱ्याचे टाके दुखले. दुखू देत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहिला बॉल पहिल्या मजल्यावरच्यांच्या स्कूटरवर. दुसरा माझ्याच पायावर. तिसरा भुंग्यापर्यंत घरंगळत गेला; तिनं तो बॅटनं अडवून हातात उचलला आणि आणून दिला, आजारी माणसाला पाणी द्यावं तसा.

"आई, राहू दे. मी भिंतीवर मारून करते प्रॅक्टिस."

"भिंत फिरकी टाकते का?"

"तू तरी कुठे टाकतेस?"

नवरा माझ्या मागे खुर्ची टाकून बसला होता, पाय दुसऱ्या खुर्चीवर. "पळत येऊन बघ," म्हणाला. "थोडी फास्ट टाक."

मी पळत आले. श्वास एकीकडे, चप्पल दुसरीकडे, बॉल तिसरीकडे. चव्वेचाळीस वर्षांत मी कशासाठी पळाले असेन तर बससाठी, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा चुकलीच.

उद्यापासून बूट.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नवऱ्यानं आज ‘क्लास’ घेतला. फास्ट बॉलर, स्विंग करणारे, ऑफस्पिन, लेगस्पिन. एखाद्या माणसाला किती गोष्टी माहीत असतात आणि बिलाची शेवटची तारीख मात्र माहीत नसते!

मला समजलं ते असं: फास्ट माझ्या बापजन्मी जमणार नाही. स्विंगला शिवण सरळ ठेवावी लागते, माझी चाकासारखी फिरते. राहिली फिरकी. ऑफस्पिन म्हणजे बरणीचं झाकण लावायचं. टप्पा पडला की बॉल भुंग्याच्या अंगात येतो. लेगस्पिन म्हणजे झाकण उघडायचं. बॉल तिच्यापासून दूर पळतो. हे मला लगेच कळलं, कारण सलूनमध्ये दिवसभर हेच करते. गोल ब्रशनं केस आत वळवायचे तर मनगट एकीकडे, बाहेर वळवायचे तर दुसरीकडे.

कळणं आणि येणं मात्र दोन वेगळ्या गावांना राहतात. साठेक बॉल टाकले. वळले सात-आठ.

"बाबा बघ ना," भुंगा म्हणाली, "ही मला उशीर करतेय."

उशीर! सकाळपासून अकरा डोकी कापून, उभ्यानं जेवून मी खाली उतरले होते. बॉल जोरात टाकला, तो पुन्हा स्कूटरवर.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सलूनमध्ये आज ताईनं मला पकडलं. ताई म्हणजे माझी भागीदार. केस रंगवण्याचं काम तिचं, कापण्याचं माझं, तोंडाचा पट्टा दोघींचा, पण तिचा जास्त. मी एका बाईंच्या कपाळावरचे केस कापत होते. ताई त्या बाईंना म्हणाली, "सांभाळा हं. हिनं ओठ मुडपले की समजावं, आता इंचभर जास्त जाणार."

बाई घाबरून खुर्चीत सरळ बसल्या. मी म्हणाले, "ताई, तुझं रंगाकडे लक्ष दे."

"माझं सगळीकडे लक्ष असतं. जीभ गालात गेली की कानाजवळचे कापतेस. वीस वर्षं बघतेय."

गिऱ्हाइकासमोर असलं बोलायचं असतं का? एप्रनच्या खिशात बॉल होता, तो फिरवत बसले. झाकण लावा, झाकण उघडा. फक्त बोटं सैल राहावीत म्हणून. भुंग्यासाठी.

रविवार, २३ फेब्रुवारी

वळतोय! दोन्हीकडे वळतोय! भिंतीजवळचा सिमेंटचा खडबडीत तुकडा आहे, तिथे टप्पा पडला की लेगस्पिन चांगली वीतभर निघते.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भुंगा प्रत्येक बॉल ओळखते. बॉल हातातून सुटायच्या आधीच तिचा पाय हललेला असतो. बाहेर जाणारा सोडून देते, आत येणारा पायाजवळून ढकलते. मी मुद्दाम एकाच पद्धतीनं हात आणून पाहिला, तरी फसली नाही.

मागून नवरा म्हणाला, "हाताकडे बघायला शिकली पोरगी." त्याला मी पाठमोरीच दिसते, पण समोर भुंगा दिसते, तिचा चेहरा बघून तोही खूश होता.

क्लबच्या कोचनाही फरक दिसलाय म्हणे. "घरी कोण टाकतं?" त्यांनी विचारलं. भुंगा म्हणाली, "आहे एक जण."

आहे एक जण. असू दे.

रविवार, २ मार्च

क्लबची मॅच. मी सलून ताईवर सोडून गेले. जायला नको होतं.

समोर एक लेगस्पिनर. भुंग्याएवढीच, च्युइंगम चघळणारी, चेहरा दगडासारखा. माझ्यापेक्षा फार काही वळवत नव्हती, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते. भुंगा पहिल्या बॉलवर पुढे गेली, चुकली. दुसऱ्यावर मागे गेली, चुकली. तिसऱ्यावर काय करावं ते न सुचून मध्येच थांबली आणि बोल्ड. जाताना तिनं वर गॅलरीत पाहिलं. मी टाळ्या वाजवत होते. टाळ्या कशाला वाजवत होते मी? सवयीनं.

घरी येऊन बूट खोलीभर फेकले. मी दारात उभी राहिले.

"त्या मुलीचा हात दिसत नव्हता का?"

"दिसत होता."

"मग?"

"तिचं काही कळलंच नाही. तुझं कळतं."

"माझं काय कळतं?"

"आई, मला माहीत नाही! कळतं एवढंच! जा ना आता."

म्हणजे मीच इतकी भिकार टाकते की मला खेळून ती बिघडतेय. नवऱ्याला तसं म्हटलं. त्यानं ‘छे छे’ म्हटलं, पण दोन ‘छे’च्या मध्ये जरा जागा रिकामी राहिली. महिना होत आलाय आणि मी तिला नक्की काय शिकवलं?

बुधवार, ५ मार्च

तीन दिवस मोबाइलवर बॉलर बघतेय. एकाचा हात उंच, एकाचा आडवा, एकजण टाकताना उडी मारतो, एकीचं डोकं जमिनीला लागेल इतकं वाकतं. सगळ्यांच्या नकला केल्या. उडीनं पाठ धरली. आडव्या हातानं खांदा. सलूनमध्ये ड्रायर उचलताना ‘आई गं’ म्हणाले तर खुर्चीतली मुलगी म्हणाली, "काकू, माझे केस इतके जड आहेत?"

आणि एवढं करून भुंगा ते सगळे बॉल ओळखते. उडीचेही, आडव्याचेही. ओळखून झाल्यावर चिडते.

"दुसऱ्यांसारखं करू नकोस ना. विचित्र दिसतेस."

"मग कसं करू?"

"तुझ्यासारखं."

माझ्यासारखं म्हणजे कसं? मला कुणी विचारलं तर केस कापताना कशी उभी राहते ते सांगता येईल. बॉल टाकणारी मी कोण, ते मला कुठे माहीत आहे?

त्यात दाढ ठणकायला लागली आहे.

गुरुवार, ६ मार्च

दाढ उपटून आले. डावा गाल, अर्धी जीभ, खालचा ओठ सगळं बधिर. दाताच्या डॉक्टरांनी आराम करा सांगितलं, पण चाचणीला दिवस राहिलेत किती? तशीच खाली गेले.

आणि काय सांगू, आज माझी बॉलिंग! भुंग्याला एकही बॉल कळला नाही. आत येणाऱ्यावर बॅट बाहेर, बाहेर जाणाऱ्यावर आत. तीनदा बोल्ड, एकदा तर बॅट उचललीच नाही. मी काही वेगळं केलं नव्हतं. तेच दोन बॉल, तोच हात. कदाचित हीच असते ती गोष्ट, ज्याला लोक ‘लय सापडणं’ म्हणतात. मला हसताही येत नव्हतं धड. हसले तर एकाच बाजूनं.

भुंगा म्हणाली, "आज काय झालंय तुला?"

मी म्हणाले, "आढडली माजी पठ्ठत." नवरा खुर्चीवरून पडता पडता वाचला.

सापडली, माझी पद्धत. चव्वेचाळिसाव्या वर्षी, अर्ध्या तोंडानं का होईना.

शुक्रवार, ७ मार्च

गेली. कालची लय कालच गेली. सगळे बॉल ओळखले तिनं. मी इतकी वैतागले की बॉल भिंतीवर फेकला आणि उडून आला तो थेट स्कूटरवर. पहिल्या मजल्यावरच्यांनी आता स्कूटर दुसरीकडे लावायला सुरुवात केली आहे, पण बॉल तिला शोधत जातो.

शनिवार, ८ मार्च

ताईला सगळं सांगितलं. काल-परवाचा फरक काय, तर परवा तोंड बधिर होतं, बस.

"मग तू बॉल तोंडानं टाकतेस का?" ती म्हणाली. तिचा मास्क हनुवटीवर लोंबत होता. रंगाच्या वासानं तिला खोकला येतो म्हणून ती तो घालते. मग एकदम गंभीर झाली. माझ्या हातात गोल ब्रश दिला, खांदे धरून मला आरशाकडे वळवलं. "टाक. बाहेर जाणारा टाक."

मी हात फिरवला.

"आता आत येणारा."

फिरवला.

"स्वतःकडे बघत टाक, बये. ब्रशकडे नको."

तेव्हा पाहिलं. झाकण उघडायला मनगट वळायच्या आधी माझा खालचा ओठ दातांखाली गेला. झाकण लावायला वळलं तेव्हा जीभ डाव्या गालात. पुन्हा केलं. पुन्हा तेच. वीस वर्षं मी या आरशासमोर उभी आहे, आणि त्यात मला खुर्चीत बसलेलीच बाई दिसत आली.

खुर्चीत बसलेली बाई म्हणाली, "माझं कधी करणार?"

म्हणजे भुंगा माझा हात बघतच नव्हती. ती माझं तोंड बघत होती. तिलाही ते माहीत नाही. पाळण्यातून बघत आली तसं बघत होती.

सांगायचं कसं? चाचणी दोन आठवड्यांवर. सांगितलं तर हातपाय गाळून बसेल, नाही सांगितलं तर ती च्युइंगमवाली तिला पुन्हा खाऊन टाकेल.

येताना ताईचा एक मास्क पर्समध्ये टाकला.

रविवार, ९ मार्च

"सर्दी झालीय," मी म्हणाले आणि मास्क लावला.

पहिला चुकला. दुसरा चुकला. पाचवा-सहावा झाल्यावर ती क्रीज सोडून माझ्याकडे चालत आली. "मास्क काढ."

"सर्दी आहे गं."

"तुला सर्दी नाहीये!" हे तिला मास्क असतानाही कळलं. डोळ्यांवरून असेल. "मुद्दाम करतेयस काहीतरी."

मग सांगितलं. ओठ, जीभ, आरसा, सगळं. मला वाटलं हसेल. नवरा हसला, पण लगेच थांबला.

ती म्हणाली, "म्हणजे मला काही येतच नव्हतं."

"तसं नाही."

"तसंच आहे! तू मला रोज पेपरची उत्तरं सांगत होतीस. आणि मी आपली खूश, स्पिन कळायला लागला म्हणून!" बॅट तिथेच टाकून वर गेली.

मी नवऱ्याला म्हणाले, "तुला कसं दिसलं नाही? रोज इथेच बसतोस."

"मला तुझी पाठच दिसते," तो म्हणाला. "पाठ काही बोलत नाही तुझी."

बॅट मी उचलली. तिच्या हाताचा घाम होता मुठीला.

मंगळवार, ११ मार्च

बोलत नाही. ताट वाढलं की जेवते, नजर ताटात. माझ्याकडे बघायचंच नाही असं ठरवलंय. मलाही राग आलाय. ओठ काय मी मुद्दाम मुडपले? महिनाभर खांदा झिजवला, पाठ धरली, दाढ काढलेल्या तोंडानं टाकलं, त्याचं काय? एका ‘आहे एक जण’पलीकडे काय मिळालं मला? हे लिहिताना लाज वाटतेय, तरी खोडणार नाही.

खाली जाऊन एकटीनंच भिंतीवर टाकले थोडे. पट्टी मोकळी होती म्हणून.

बुधवार, १२ मार्च

संध्याकाळी पॅड बांधून दारात उभी.

"चल. मास्क लावून टाक. दोन मास्क लाव. गॉगल पण."

लावलं. मी दरोडेखोरासारखी दिसत होते. तिला काही खेळता आलं नाही. रडकुंडीला आली, पण वर गेली नाही. मीही गेले नाही. मास्कच्या आत वाफ, गॉगलवर वाफ, मला तर स्टंपही दिसत नव्हते.

"हात बघ," नवरा ओरडत होता. "मनगट बघ!"

"बघतेय ना!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

मंगळवार, १८ मार्च

आठवडाभर हेच. आता दहातले चार-पाच तिला कळतात. खरे कळतात. बाकीचे कळत नाहीत आणि तिचं तोंड कडू होतं.

आज मास्क इतका ओला झाला की मी काढून फेकला. दमले होते. आता आत टाकायचा की बाहेर, हे ठरवायचंही त्राण नव्हतं. ब्रशचंही तसंच असतं खरं तर; ओले केस हातात आले की मी ठरवत नाही, ते जिकडे पडतात तिकडे मनगट जातं. तसाच हात वर नेला आणि बोटांवर सोडून दिलं.

बॉल हळू गेला, नको इतका हळू, हवेत जरा रेंगाळला, मग टप्पा पडून किंचित आत आला. भुंग्याची बॅट आधीच फिरून झाली होती.

"हा काय होता?"

"माहीत नाही."

"ओठ काहीच बोलले नाहीत."

"त्यांना तरी कुठे माहीत होतं?"

नवरा म्हणाला, "ऑफस्पिन पण नाही, लेग पण नाही. याला काही नाव नाही."

"परत टाक," ती म्हणाली.

परत टाकला. या वेळी बाहेर गेला. मला अंदाज नव्हता, तिलाही नव्हता. तिनं अगदी शेवटपर्यंत वाट पाहिली, डोळे बॉलवर, आणि हलक्या हातानं अडवला. अंधारून येईपर्यंत तोच टाकत राहिले. एकूण किती वळले, किती सरळ गेले, मोजले नाहीत.

हाच माझा बॉल असावा. कुणाला दाखवण्यासारखा नाही.

रविवार, २३ मार्च

चाचणी. सकाळी निघताना म्हणाली, "आई, समोर बसू नकोस."

मी पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. तिथून अर्धं मैदान दिसतं आणि पाऊण वास येतो. भुंगा आली तेव्हा बॉल नेमका च्युइंगमवालीकडे. पहिल्या बॉलवर माझीच बॅट मनातल्या मनात पुढे गेली. भुंगा थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं, संपलं. मग शेवटच्या क्षणी हलक्या हातानं अडवला. एक, दोन, पूर्ण ओव्हर. पुढच्या ओव्हरला चौकार. मी टाकीवर हात आपटला. आत पाणी हललं.

मग तिच्या पार्टनरनं नसलेला रन घ्यायला बोलावलं आणि भुंगा रनआऊट. अर्ध्या वाटेत. काही करण्यासारखं नव्हतं. मी तिथेच टाकीला टेकून त्या पार्टनरला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

मंगळवार, २५ मार्च

यादी लागली. संघात नाही. राखीव. राखीव खेळाडूंनाही शिबिराला जायचंय, महिनाभर, दुसऱ्या गावी. कोच म्हणाले, स्पिन सगळ्यात चांगला हिलाच कळला, पण रन कमी.

"रनआऊट झाली ती, रन कुठून आणणार?" मी फोनवरच भांडले.

"आई, ठेव," भुंगा म्हणाली. "राखीव तर राखीव. तिथे रोज स्पिन खेळायला मिळेल." मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. अपमान सगळा आमच्याच घरी मुक्कामाला.

शनिवार, २९ मार्च

शेवटची प्रॅक्टिस. मास्क नाही, गॉगल नाही. मी मुद्दाम ओठ मुडपून आत येणारा टाकला, फसते का बघायला. फसली नाही. ओठांकडे तिचं लक्षच नव्हतं. नंतर किती तरी वेळ टाकत होते. तिनं एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

हेच हवं होतं. वर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "खांदा."

रविवार, ३० मार्च

बॅग भरताना मी मध्ये मध्ये करत होते. मोजे ठेव, गोळ्या ठेव, फोन कर. ती सामान कोंबत होती. कोपऱ्यातला जुना बॉल, शिवण उसवलेला, आम्ही दीड-पावणेदोन महिने वापरलेला, तोही बॅगेत टाकला.

"तो राहू दे," मी म्हणाले.

"तुला कशाला?"

"मला कशाला हवाय! तिकडे नवे असतीलच, उगीच ओझं. आणि तू जा बिनधास्त. इकडची काळजी करू नकोस. मला काही वाटत नाहीये, उलट संध्याकाळी जरा पाठ टेकायला मिळेल."

ती बॅगेची चेन ओढत होती, डोकं खाली, केस तोंडावर. मान वरसुद्धा केली नाही.

"आई, आधी ओठ सोड," ती म्हणाली. मग बॅगेत हात घालून बॉल काढला आणि न बघताच माझ्याकडे टाकला.